सोनाटा आणि रणदुंदुभी

क्लोद देब्युसी या फ्रेंच संगीतकारानें व्हायोलिन व पियानो यांकरितां लिहिलेल्या सोनाटावर एक आक्षेप घेण्यांत येत असतो. १९१७ सालीं, म्हणजे पहिलें महायुद्ध ऐन भरांत असतां, पुरी झालेल्या या कृतींत युद्धाचा मागमूसही नाहीं. सबब ती एका रोगजर्जर माणसाची दुबळी करमणूक होय, असा हा आक्षेप आहे. आमच्या मतें येथें कृति उणी नसून मागणीच अनाठायीं आहे.

युद्धाविषयीं बोलावयाचें तेव्हां देब्युसी उघड बोलला आहे. बेघर झालेल्या मुलांचें नाताळगीत त्यानें १९१५ मध्यें रचलें, त्याचे शब्दही त्याचेच. ज्यांस संताप व हुंदका हवा असेल त्यांनीं तें ऐकावें. सोनाटाचें कार्य निराळें होतें. सहा सोनाटा लिहिण्याचा त्याचा संकल्प होता. कर्करोगानें त्यांतील तीनच पुरे होऊं दिले. त्यांवर त्यानें नांवापुढें ‘फ्रेंच संगीतकार’ अशी सही केली. सोनाटा म्हणजे जर्मनांची मिरास, असा समज रूढ असतां त्यानें त्याच प्रकारांत कूपरँ व रामो यांच्या परंपरेंतील संयम व प्रसाद आणला. पियानोचे दोन साधे स्वरमेळ, आणि त्यांवर व्हायोलिनचे हळूहळू उतरणारे स्वर, एवढ्यावर आरंभ होतो. मधला भाग लहरी व हलका आहे. शेवटच्या भागाच्या तोंडीं पहिलीच धून पुन्हा डोकावते. हें सारें पंधरा मिनिटांच्या आंत आटोपतें. यांत दुबळेपणा कोठें आहे?

आजारी माणूस युद्धकाळांत काय लिहूं शकतो याचा हा एक नमुना, असें देब्युसीनेंच एका मित्राला कळविलें होतें, हें प्रतिपक्षाचें मोठें शस्त्र. परंतु कर्त्याचा वैताग हा कृतीवरील निवाडा नव्हे. शिवाय तो ‘युद्धकाळांत’ म्हणतो, ‘युद्धावर’ म्हणत नाहीं. आक्षेपकांचा सारा घोटाळा या दोन शब्दांत आहे.

देब्युसीच्या राष्ट्राभिमानाची तरफदारी आम्ही करीत नाहीं. त्या काळच्या त्याच्या लेखनांत जर्मनांविषयीं कडवटपणा आहे, आणि जर्मन संगीतावर बहिष्कार मागणाऱ्या मंडळांत जाण्यास १९१६ मध्यें नकार देणारा राव्हेल आम्हांस अधिक उदार वाटतो. पण नेमकें हेंच ध्यानांत घ्यावें कीं, जो द्वेष लेखणींत उतरला तो या सोनाटांत उतरला नाहीं. येथें कला कलावंताहून शहाणी ठरली.

५ मे १९१७ रोजीं पॅरिस येथें गास्तों पुले याच्या व्हायोलिनला देब्युसीनें स्वतः पियानोची साथ दिली. त्या शहरांतील त्याचें तें अखेरचें जाहीर वादन. २५ मार्च १९१८ रोजीं तो वारला, तेव्हां पॅरिसवर लांब पल्ल्याच्या जर्मन तोफांचे गोळे पडत होते. तोफांचा आवाज त्या दिवसांत पॅरिसकरांना घरबसल्या फुकट मिळत होता. संगीतकारानें तोच पुन्हा ऐकवावा, हा हट्ट कशासाठीं?