ताळेबंदातला नफा आणि कारभारातली खोट

कंपनीचा कारभार स्वच्छ ठेवणे ही श्रीमंतांची चैन आहे, आधी नफा कमवावा, सोवळेओवळे मागाहून पाहावे, असे मानणारा एक वर्ग आपल्या उद्योगविश्वात आहे. या शहाण्यांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो : ज्या नफ्याच्या आकड्यावर आपण मान डोलावता, तो आकडा खरा कशावरून?

७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच या प्रश्नाचे उत्तर दिले. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कंपनीने ६४९ कोटी रुपयांचा, म्हणजे २४ टक्क्यांचा परिचालन नफा दाखविला होता. प्रत्यक्षात तो ६१ कोटी, जेमतेम ३ टक्के होता. ताळेबंदातील रोख व बँक शिल्लकीपैकी सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते! कंपनी-सुशासनाचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार तिला मिळाला, तोही त्याच सप्टेंबरात. पुढे तो काढून घेण्यात आला, हे सांगायला नकोच.

संचालक मंडळावर माजी मंत्रिमंडळ सचिव होते, हार्वर्डचे प्राध्यापक होते. तरीही १६ डिसेंबर २००८ रोजी राजूपुत्रांच्या ‘मेटास’ कंपन्या १६० कोटी डॉलरना घेण्याचा ठराव संमत झाला. (‘सत्यम’ची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की ‘मेटास’ होते, एवढी सूचकता पुरेशी ठरू नये?) तो ठराव काही तासांत मागे घ्यावा लागला, तो संचालकांच्या विवेकामुळे नव्हे, गुंतवणूकदार खवळले म्हणून. प्रवर्तकाच्या मर्जीने आलेला स्वतंत्र संचालक कितपत स्वतंत्र असणार?

कंपनीचे संगणक अभियंते मात्र खोटे नव्हते, ग्राहकही खोटे नव्हते. दीपक पारेख, किरण कर्णिक यांच्यासारख्यांचे मंडळ शासनाने नेमले आणि एप्रिल २००९ मध्ये ‘टेक महिंद्र’ने कंपनी घेतली. तोच धंदा विश्वासार्ह हाती जाताच उभा राहिला. सुशासनाचे मोल यापरते कोणत्या आलेखात दाखवायचे?

मध्यमवर्गीयांची पुंजी आज म्युच्युअल फंडांतून याच बाजारात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांतील छोट्या भागधारकांना आपला संचालक निवडण्याची वाट दिली, घरबसल्या इलेक्ट्रॉनिक मतदानही दिले. सर्वसाधारण सभेची सूचना न वाचताच बाजूला सारणाऱ्या आपल्यासारख्यांनी यंदा ती उघडावी. संचालकांच्या फेरनेमणुकीचा ठराव तिच्यातच असतो.