सव्वीस टक्क्यांची राखण
साप्ताहिक सदर : छापील जग

नॉर्वेतल्या शिब्स्टेड या वृत्तपत्रसमूहाचे डिजिटल यश सगळे वाखाणतात. मला त्याहून मोलाची वाटते ती त्याची मालकी.

१८३९ मध्ये ख्रिश्चन शिब्स्टेड यांनी छापखान्यापासून सुरुवात केली. १८६० मध्ये ‘आफ्टनपोस्टन’ निघाले. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रतिकार चळवळीच्या लोकांनी काढलेले ‘वेर्डेन्स गांग’ १९६६ मध्ये समूहात आले. १९९२ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. अशा वेळी घराण्याच्या हातून वर्तमानपत्र निसटायला फारसा वेळ लागत नाही. इथे तसे झाले नाही. घराण्यातले टिनियस नागेल-एरिक्सेन यांनी १९९६ मध्ये विश्वस्त संस्था स्थापन केली आणि आपला ताबा तिच्याकडे सोपवला. हिस्सा जेमतेम २६ टक्क्यांचा. पण कंपनीच्या नियमावलीनुसार कुणाही एकाला ३० टक्क्यांहून अधिक समभाग घेता येत नव्हते, आणि हा नियम बदलायचा तर तीन-चतुर्थांश मते लागत. त्यामुळे पाव हिश्श्याहून थोडे जास्त हाती असले, तरी कुणा धनाढ्याला समूह गिळता येत नव्हता.

या मालकीचा कस स्वीडनमध्ये लागला. शिब्स्टेडने १९९६ मध्ये ‘आफ्टनब्लाडेट’ आणि १९९८ मध्ये ‘स्वेन्स्का डागब्लाडेट’ घेतले. पहिल्याचा अग्रलेख सोशल डेमोक्रॅट वळणाचा. त्याचा राजकीय संपादक नेमण्याचा हक्क ते विकणाऱ्या कामगार महासंघाने स्वतःकडेच ठेवला. दुसऱ्याचा उजवीकडे झुकलेला. दोन्ही स्टॉकहोमची, मालक एकच, आणि संपादकीय पानांवर उघड मतभेद. मालकाने हस्तक्षेप टाळला तरच असे घडते.

पैसा मात्र छोट्या जाहिरातींनी आणला. घरे, गाड्या, नोकऱ्यांच्या जाहिरातींनी जाडजूड झालेली आपलीच पाने कोरडी पडतील हे ठाऊक असूनही समूहाने २००० मध्ये ‘फिन’ हे संकेतस्थळ काढले. इतर देशांत हा धंदा परक्यांनी पळवला. इथे तो घरातच राहिला. पुढे २००३ मध्ये स्वीडनचे ‘ब्लॉकेट’ आले, २००६ मध्ये फ्रान्सचे ‘लबॉंक्वां’. हळूहळू हीच बाजू इतकी फोफावली की गुंतवणूकदारांना बातम्यांचे ओझे वाटू लागले. अखेर जून २०२४ मध्ये विश्वस्त संस्थेने सगळी वृत्तमाध्यमे ६.३ अब्ज क्रोनरना विकत घेतली. जाहिरातींचा धंदा शेअर बाजारातच राहिला. त्या कंपनीचे नाव आता ‘व्हेंड’.

हा निर्णय योग्यच होता. तिमाही नफ्याच्या धाकात शोधपत्रकारिता टिकत नाही, आणि लाभांशाची घाई नसलेला मालक थांबू शकतो. तरी दोन गोष्टींनी मी अस्वस्थ आहे. दुभती गाय दुसऱ्याच्या गोठ्यात गेली; बातम्यांना आता स्वतःच्या वर्गणीवर जगायचे आहे. शिवाय ३० टक्क्यांची मर्यादा सगळ्यांना लागू होती, आणि आता पूर्ण मालकी मूठभर विश्वस्तांकडे आली. नॉर्वेच्या कायद्याने संपादकाला मालकापासून संरक्षण आहे, हा मोठा आधार. पण संपादकाचे खर्चाचे अंदाजपत्रक तो कायदा ठरवत नाही.

म्हणून या विश्वस्तांची पारख पहिल्या वाईट वर्षात होईल. जाहिराती घटतील, वर्गणीदार थबकतील, तेव्हा बर्गनच्या ‘बेर्गेन्स टिडेंडे’त आणि स्टावांगरच्या ‘आफ्टेनब्लाड’मध्ये किती बातमीदार उरतात, ते मी मोजणार आहे.