एका गाडीच्या आठ पिढ्या

घरांत मोटार घ्यावयाचें ठरलें म्हणजे दोन पक्ष पडावयाचेच. वडील मंडळी म्हणतात, 'जुन्या गाड्या कशा दणकट होत्या. आतांच्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे!' तरुण मंडळी अश्वशक्तीचे आणि सेकंदांचे आंकडे तोंडपाठ म्हणून दाखवितात आणि जुन्या गाडीची रवानगी अडगळींत करतात. एका पक्षास 'जुनें तें सोनें' ही म्हण पुरते, दुसऱ्यास नव्या सालाचा शिक्का पुरतो. आमच्या मतें दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. पिढी ही सरसकट स्वीकारावयाची किंवा सरसकट टाकावयाची वस्तु नव्हे. तिच्यांतील एकेक गोष्ट हातांत घेऊन पारखावी लागते. हें म्हणणें स्पष्ट व्हावें म्हणून या महिन्यांत आम्ही एका गाडीची वंशावळच वाचकांपुढें मांडीत आहों. सुमारें पन्नास वर्षें एकाच नांवानें चालत आलेली ही गाडी म्हणजे जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीची गोल्फ जीटीआय.

व्होल्फ्सबुर्ग येथील या कंपनीचा संसार कित्येक वर्षें बीटल या एकाच गाडीच्या जिवावर चालला होता. बीटलचें इंजिन मागच्या बाजूस असे व तें हवेनें थंड होई. १९७४ सालीं कंपनीनें गोल्फ नांवाची अगदीं निराळी गाडी काढली. इंजिन पुढें आणि आडवें बसविलेलें, तें थंड ठेवण्यास पाणी, ओढ पुढच्या चाकांची, आणि मागें वर उघडणारें दार. तिची आकृति जॉर्जेतो जुजारो या इटालियन रेखाकाराची होती. ही सरळ, कुटुंबोपयोगी गाडी. शर्यतीशीं तिचा कांहीं संबंध नव्हता. परंतु कंपनींतील कांहीं थोड्या लोकांच्या, विशेषतः आल्फोन्स लोवेनबर्ग या अभियंत्याच्या, मनांत आलें कीं हिच्यांतून एक चपळ गाडी कां काढूं नये? प्रथम वरिष्ठांची रीतसर मंजुरी नसतां काम सुरू झालें, मंजुरी मागाहून मिळाली. सप्टेंबर १९७५ मध्यें फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ती मांडली गेली आणि १९७६ सालीं विक्रीस आली. अशा गाडीस गिऱ्हाईक फारसें मिळणार नाहीं, म्हणून अवघ्या ५,००० गाड्यांचा बेत होता. प्रत्यक्षांत त्या पहिल्याच पिढीच्या ४ लाख ६० हजारांवर गाड्या निघाल्या.

या पहिल्या गाडींत होतें तरी काय? इंजिन १·६ लिटरचें, शक्ति ११० अश्वशक्तीची. कार्बुरेटरच्या ऐवजीं इंधन मोजून फवारणारी बॉश कंपनीची योजना. गाडीचें वजन सुमारें ८१० किलो. थांबलेल्या स्थितींतून ताशीं १०० किलोमीटरचा वेग गांठावयास सुमारें ९ सेकंद लागत, आणि पराकाष्ठेचा वेग ताशीं १८२ किलोमीटर. गाडीच्या नाकाभोंवतीं एक तांबडी रेघ, एवढाच बाहेरचा अलंकार. आंतील सजावट गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंची. त्यांनीं आसनांना चौकड्यांचें कापड घातलें आणि गियरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू बसविला. गाडीच्या नांवावर केलेली ही कोटी पुढें तिची ओळख होऊन बसली. मुख्य गोष्ट अशी कीं सोमवारीं मुलांस शाळेंत पोंचविणारी आणि रविवारीं घाटांत उल्हासानें धांवणारी गाडी एकच असूं शकते, हें या गाडीनें सामान्य कुटुंबास दाखवून दिलें.

पुढच्या पिढ्यांचा इतिहास एखाद्या घराण्याच्या इतिहासासारखाच वांकणांचा आहे. १९८४ सालीं आलेली दुसरी पिढी थोडी मोठी व अधिक ऐसपैस होती. १९८६ सालीं तिला सोळा झडपांचें, सुमारें १३९ अश्वशक्तीचें इंजिन मिळालें. १९९१ सालच्या तिसऱ्या पिढीचें वजन वाढलें, पण मूळ इंजिनाची शक्ति ११५ च्या वर गेली नाहीं. वाडवडिलांच्या नांवावर ती कशीबशी निभावली. १९९८ सालच्या चवथ्या पिढींत तर नांवाचा मोठेपणाच उतरला. तांबडी रेघ गेली, आणि 'जीटीआय' ही मुद्रा साध्या इंजिनांवर, इतकेंच नव्हे तर डिझेलवरही, उमटूं लागली. घराण्याची पुण्याई संपत आली, असें जाणकार म्हणूं लागले. २००४ सालच्या पांचव्या पिढीनें ती परत मिळविली. २०० अश्वशक्तीचें टर्बो इंजिन आलें, मागच्या चाकांची बैठक नव्यानें बांधली गेली, तांबडी रेघ व चौकड्यांचें कापड परत आलें. २००९ सालीं सहावी, २०१३ सालीं सातवी आणि २०२० सालीं आठवी पिढी निघाली. आठवीची शक्ति २४५, आणि २०२४ सालच्या सुधारणेनंतर २६५ अश्वशक्ति झाली.

आतां थोरली आणि धाकटी शेजारीं शेजारीं उभ्या करूं. थोरली सुमारें ३·७ मीटर लांब. धाकटी सुमारें ४·३ मीटर, म्हणजे सव्वा हातानें अधिक. वजन ८१० वरून १,४०० किलोच्या आसपास गेलें, म्हणजे सुमारें पावणेदोनपट. शक्ति मात्र जवळजवळ अडीचपट झाली. म्हणून १०० चा वेग गांठण्यास ९ च्या ऐवजीं सुमारें ६ सेकंद पुरतात. येथें वडील मंडळींच्या एका समजुतीस निरोप द्यावा लागतो. 'जुनी गाडी जड व दणकट, नवी हलकी व ठिसूळ' हें या घराण्यापुरतें तरी अगदीं उलट आहे. हलकी होती ती जुनीच.

मग हें वजन आलें कोठून? कांहीं अंशीं तें सुखसोयींचें आहे: वातानुकूलन, आवाज अडविणारे थर, रुंद चाकें, प्रशस्त आसनें. परंतु बराच भाग जीव वांचविण्याच्या सामग्रीचा आहे. दारांच्या आंत लोखंडी आडव्या पट्ट्या आल्या. माणसें बसतात तो भाग पोलादी पिंजऱ्यासारखा घट्ट, आणि त्याच्या पुढचा भाग धक्क्याच्या वेळीं ठरल्या रीतीनें चुरडत जाऊन आघात पोटांत घेणारा, अशी रचना झाली. गाडीचें नाक चुरडलें म्हणून ती कच्ची, हा समज म्हणूनच खरा नव्हे. तें चुरडावें म्हणूनच तसें केलेलें असतें. नाक चुरडलें नाहीं तर तो आघात माणसाच्या छातीपर्यंत पोंचतो. शिवाय ब्रेक जोरानें दाबला असतां चाकें जाम होऊं न देणारी योजना, आणि अपघाताच्या क्षणीं फुगणाऱ्या एअरबॅगा. १९७६ सालच्या गाडींत यांपैकीं ब्रेकची ती योजनाही नव्हती आणि एअरबॅगही नव्हती.

या गोष्टीचें मोल आपल्याच भागांतील एका गाडीवरून कळून येतें. गोल्फची धाकटी बहीण पोलो ही पुण्याजवळ चाकण येथील कारखान्यांत तयार होत असे. हा कारखाना २००९ सालीं सुरू झाला आणि तेथें पोलोचें उत्पादन २०२२ पर्यंत चाललें. लहान म्हणून ओळखली जाणारी ही बहीण लांबीनें पहिल्या गोल्फहून मोठी होती, इतके सर्वांचेच आकार वाढले आहेत. २०१४ च्या जानेवारींत ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांतील पांच लहान गाड्या ताशीं ६४ किलोमीटरच्या वेगानें अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या पोलोस, इतर चौघींप्रमाणेंच, प्रौढ प्रवाशांच्या रक्षणासाठीं एकही तारा मिळाला नाहीं. तिचा सांगाडा मात्र आघातांत टिकून राहिला होता. दोन एअरबॅगा असलेली तीच पोलो आदळविली, तेव्हां तिला पांचांपैकीं चार तारे मिळाले. कंपनीनें एअरबॅग नसलेला प्रकार बाजारांतून काढून घेतला. सांगाडा तोच, रस्ता तोच, वेग तोच; मध्यें एक हवेची पिशवी, आणि परिणामांत शून्य व चार एवढें अंतर! सर्व नव्या गाड्यांत चालकापुढें एअरबॅग असलीच पाहिजे, असा नियम आपल्याकडे २०१९ सालीं लागू झाला. 'आमच्या काळीं असल्या पिशव्यांवांचून आम्ही घाट उतरलों' असें जे म्हणतात, ते वांचलेल्यांपैकीं आहेत. जे वांचले नाहींत, त्यांची साक्ष बैठकींत होत नाहीं.

एवढ्यावरून सर्व न्याय नव्या पिढीच्या बाजूनें झाला असें मात्र समजूं नये. जुन्या गाडींत एक गुण होता, तो कोष्टकांत दिसत नाहीं: ती बोलत असे. स्टिअरिंग जड, पण रस्त्यावरील खडा हातास कळे. इंजिनाचा आवाज चढे, वारा काचांशीं झगडूं लागे, आणि चालविणाऱ्यास न सांगतां समजे कीं आतां वेग फार झाला. नव्या गाडींत हें सर्व निःशब्द झालें आहे. ताशीं १४० चा वेग तींत ८० सारखा शांत वाटतो. आघाताचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हा शाळेंतला नियम आहे. म्हणजे १०० च्या ऐवजीं १४० नें जाणाऱ्या गाडींत जवळजवळ दुप्पट जोर सांठलेला असतो. १०० च्या वेगानें एका सेकंदांत गाडी २८ मीटर पुढें जाते, आणि माणसाचें मन सावध होण्यास सुमारें एक सेकंद लागतोच. नव्या गाडीनें अंगरक्षक दिले, पण पहारेकऱ्याची हांक बंद केली. ती हांक आतां चालविणाऱ्यानें स्वतःच स्वतःस द्यावयाची आहे.

दुसरी गोष्ट हात आणि डोळे यांची. जुन्या गाडींत जी कळ जेथें हवी तेथें होती. अंधारांतही बोटास सांपडे. २०२० सालच्या आठव्या पिढींत पुष्कळ कळी काढून काचेच्या पडद्यावर आणि बोट फिरविण्याच्या गुळगुळीत पट्ट्यांवर कामें सोंपविलीं. स्टिअरिंगवरील कळीही स्पर्शानें चालणाऱ्या केल्या. परिणाम असा कीं गारवा कमीअधिक करण्यासाठीं डोळे रस्त्यावरून काढावे लागत, आणि रात्रीं त्या पट्ट्यांस प्रकाशही नव्हता. चोहोंकडून तक्रारी झाल्या. २०२४ च्या सुधारणेंत स्टिअरिंगवर दाबावयाच्या खऱ्या कळी परत आल्या आणि पट्ट्यांस दिवे मिळाले. धाकटीनें थोरलीचा सल्ला मानला, असेंच हें झालें. परंतु त्याच सुधारणेंत हातानें बदलावयाचा गियर मात्र कायमचा गेला, आणि त्याबरोबर चेंडूच्या आकाराची ती मूठही गेली. यांत सोय वाढली. गाडीशीं असलेली एक जवळीक कमी झाली. हें नुकसान खरें आहे, परंतु तें जिवावरचें नाहीं. हा फरक ओळखणें म्हणजेच पारख.

वजन वाढत जाणें हेंही अटळ नव्हे. सातव्या पिढींत बांधणी नव्यानें केली, तेव्हां सुरक्षिततेंत कांहीं उणें न करतां साध्या गोल्फचें वजन कांहीं प्रकारांत १०० किलोपर्यंत उतरविल्याचें कंपनीनें सांगितलें होतें. मनावर घेतलें तर वाढलेला भार खालीं ठेवतां येतो, हें गाड्यांस लागू आहे तसें घराण्यांसही लागू आहे.

२०२५ च्या मे महिन्यांत ही जीटीआय परदेशांतून तयार आयात होऊन भारतांत विक्रीस आली, तेव्हां तिची किंमत ५३ लाख रुपये होती. आमचे बहुतेक वाचक ती घेणार नाहींत, आणि घ्या असें आम्ही सांगतही नाहीं. परंतु चपळ म्हणून मिरविणाऱ्या लहान गाड्या आतां प्रत्येक पेठेंत विकावयास आहेत, आणि घरांतील विसाव्या वर्षाच्या मुलाचें किंवा मुलीचें मन त्यांवर बसतें. अशा वेळीं वडिलांनीं 'आमच्या वेळीं' म्हणूं नये, आणि मुलांनीं अश्वशक्तीपासून सुरुवात करूं नये. आधीं विचारावें कीं आदळण्याच्या परीक्षेंत हिला तारे किती, आणि एअरबॅगा मागतां मिळतात कीं मुळांतच आहेत? मग पाहावें कीं ब्रेक कसे आहेत आणि टायर कसे. त्यानंतर आसनावर बसून डोळे मिटावे आणि दिव्याची, पाणपुसणीची व गारव्याची कळ बोटास सांपडते कां, हें पाहावें. बसल्या जागेवरून चारी बाजूंचा रस्ता नीट दिसतो कां, हेंही पाहावें. शक्ति आणि सेकंद यांचा विचार सर्वांत शेवटीं करावा.

या क्रमानें पाहिलें तर घरांतील दोन्ही पक्षांच्या हातीं कांहीं ना कांहीं सत्य लागेल. आपल्या पिढीपेक्षां पुढच्या पिढीचें रक्षण अधिक चांगलें झालें, याचा वडिलांस हेवा नव्हे, समाधान वाटलें पाहिजे. आणि वेगाची जाणीव देणारी जी हांक जुन्या गाडीबरोबर बंद पडली, ती मुलांस शिकविण्याचें काम वडिलांचेंच आहे. तें कोणत्याही कारखान्यावर सोंपवितां येत नाहीं.