हाँगकाँगमधील स्वस्त लग्नाचा ताळेबंद

परदेशातील लग्न म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे उभे राहते ते धनिकांचे वैभव. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात' या आकाशवाणीवरील भाषणात परदेशी जाऊन लग्न करण्याच्या प्रथेविषयी खंत व्यक्त केली आणि देशातील पैसा देशातच राहावा असे आवाहन केले, तेही हेच चित्र समोर ठेवून. परंतु परदेशातील लग्नाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात मंडप नसतो आणि वरातही नसते. वधूवर, दोन साक्षीदार, एक सरकारी अधिकारी आणि थोडक्या मिनिटांत उरकणारा विधी एवढाच त्याचा पसारा. हाँगकाँगमध्ये बाहेरून येऊन असे लग्न करता येते, आणि ते करणारे चैनीसाठी नव्हे, तर काटकसरीसाठी तो मार्ग पत्करतात. या मार्गाचा हिशेब मांडला तर विवाहखर्चाविषयीच्या आपल्या काही रूढ समजुती तपासून घ्याव्या लागतील.

हजार डॉलरचा विधी

हाँगकाँगच्या विवाह कायद्यात वधूवर त्या शहराचे रहिवासी असले पाहिजेत अशी अट नाही. नियोजित विवाहाची नोटीस द्यावयाची, ती किमान १५ दिवस विवाह नोंदणी कार्यालयात लावली जाते, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत विवाह उरकावयाचा, एवढीच मुख्य प्रक्रिया आहे. गेली अनेक वर्षे नोटिशीचे शुल्क ३०५ आणि कार्यालयीन वेळेतील विवाहाचे ७१५ हाँगकाँग डॉलर असे आकारले जात आले आहे. दोन्ही मिळून १,०२० डॉलर, म्हणजे अलीकडच्या दराने सुमारे अकरा हजार रुपये.

या रकमेत मिळणारी जागाही कनिष्ठ प्रतीची नसते. जुन्या ब्रिटिश लष्करी छावणीच्या जागेवर १९९१ मध्ये खुल्या झालेल्या हाँगकाँग पार्क या उद्यानात, एका जुन्या वास्तूमध्ये, तेथील एक विवाह नोंदणी कार्यालय आहे. बाहेर झाडे आणि पाणी, आत नेटके दालन. लक्षाधीशाला आणि कारकुनाला तेथे शुल्क एकच. ही व्यवस्था आपोआप निर्माण झालेली नाही. ७ ऑक्टोबर १९७१ पासून हाँगकाँगने चिनी रूढीनुसार होणाऱ्या नव्या विवाहांची आणि उपपत्नी ठेवण्याच्या प्रथेची मान्यता काढून घेतली व एकपत्नीत्वाचा नोंदणीकृत विवाह हाच कायदेशीर विवाह ठरविला. विवाह नोंदणीची सक्ती केल्यावर ती सामान्य माणसाच्या आवाक्यात ठेवणे शासनाला क्रमप्राप्तच होते.

खर्च पंक्तीचा

गंमत अशी की, खुद्द हाँगकाँगवासीयांना लग्न स्वस्त पडत नाही. नोंदणी उरकल्यानंतर हॉटेलातील मेजवानी येते. एकेका मेजाभोवती बारा-बारा पाहुणे बसतात, आणि पाहुणा लाल पाकिटातून रोख रक्कम देतो. हॉटेल जितके मोठे तितके पाकीट जड असावे असा संकेत आहे. आपल्याकडील आहेराची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हा परस्पर पतपुरवठाच आहे. आज घेतलेले उद्या दुसऱ्याच्या मांडवात फेडावयाचे असते. या व्यवहारात पाहुणे कमी करणे म्हणजे जुने देणे बुडविणे ठरते. म्हणून साधेपणाची कितीही इच्छा असली तरी यादी लांबत जाते.

परगावी जाऊन लग्न करणारे जोडपे या साखळीतून कोणाचाही उघड अपमान न करता बाहेर पडते. "फार लांब आहे, सर्वांना नेणे शक्य नाही" ही सबब नातेवाइकांना मान्य होते. हाँगकाँगमध्ये राहणे काही स्वस्त नाही. पण विमानाचे तिकीट आणि चार रात्रींचे भाडे आधी मोजता येते, पंक्तीचा खर्च मात्र मोजता येत नाही. वस्तुतः हे जोडपे परक्या शहरात विवाहविधी विकत घेत नसते. ते विकत घेते अंतर.

नोटीस वाचते कोण?

या अंतराचे मोल केवळ पैशात नाही. आपल्याकडील १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य केलेले असावे लागते. नंतर नोटीस फलकावर लागते आणि हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असते. या विवाहाचे शुल्क क्षुल्लक आहे, हाँगकाँगहून कितीतरी कमी. तरीही जातीबाहेर वा धर्माबाहेर विवाह करणाऱ्यांना तो महाग पडतो, कारण फलकावरील नोटीस घरापर्यंत पोहोचते. नोटीस हाँगकाँगमध्येही लागते. परंतु तेथे ती वाचून धावत येणारा चुलता नसतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अशी नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडावे असा निर्णय दिला, पण त्या निर्णयाने कायद्याची कलमे बदलली नाहीत.

मग सर्वांनीच विमान गाठावे काय? तसे होणे नाही. भारतीय पारपत्रधारकाला २०१७ पासून आगाऊ नोंदणी केल्यावर हाँगकाँगमध्ये व्हिसाविना १४ दिवस राहता येते, आणि नोटिशीची मुदत आहे १५ दिवसांची. साहजिकच नोटरीसमोर सही केलेली नोटीस आधी पाठवावी लागते. विवाहाचा दाखला परदेशात चालावा म्हणून तेथील उच्च न्यायालयाच्या कचेरीतून त्यावर 'अपोस्टील' हा प्रमाणीकरणाचा शिक्का घ्यावा लागतो. पारपत्र, रजा, शिल्लक आणि कागदपत्रांची जाण हे सारे ज्याच्यापाशी आहे त्यालाच हे साधते. ज्यांना घरच्या दडपणातून सुटण्याची गरज सर्वांत अधिक, त्यांच्यापाशी ही साधने सर्वांत कमी असतात.

दालनाच्या मर्यादा

हाँगकाँगलाही आदर्श मानण्याचे कारण नाही. तेथे फिलिपाइन्स, इंडोनेशिया आदी देशांतील तीन लाखांहून अधिक घरकामगार राबतात. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांचे किमान मासिक वेतन ४,९९० डॉलर ठरले. म्हणजे विवाहाचे शुल्क त्याच्या एक पंचमांश होते. त्या दालनात त्यांना विवाह करता येतो, पण जोडीदाराला अवलंबित म्हणून जवळ आणून ठेवता येत नाही. कायम वास्तव्याचा त्यांचा दावाही तेथील सर्वोच्च न्यायपीठाने २०१३ मध्ये फेटाळला. समलिंगी जोडप्यांना तर हे दालन बंदच आहे. त्यांच्या संबंधांना मान्यता देणारी पर्यायी व्यवस्था करा, असे त्याच न्यायपीठाने २०२३ मध्ये शासनाला सांगितले होते. तसे विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये विधिमंडळाने नामंजूर केले. शुल्क कमी असले म्हणजे दार सर्वांना उघडे असतेच असे नाही.

अल्प खर्चाच्या विवाहाची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच पुरोहिताविना, साधेपणाने विवाह लावून दाखविला होता. त्या भूमीतील तरुण-तरुणींना साध्या लग्नासाठी अंतर विकत घ्यावे लागत असेल, तर परकीय चलन किती गेले हा प्रश्न दुय्यम ठरतो. आपल्या नोंदणी कार्यालयात एक नेटके दालन असावे आणि नोटिशीच्या फलकाचे भय नसावे, एवढे शासनाला अशक्य नाही. उरलेले काम कुटुंबांचे आहे. मुलांनी लग्नासाठी पळून जावे असे वाटत नसेल, तर त्यांना घरातच पुरेसे अंतर दिले पाहिजे.