रंग हिरवा, ब्रेक जुना

या वेळचं लिखाण काहींना कडू लागेल. त्यात आपलेच माजी सैनिक बांधव जास्त असतील. तरीही लिहितो.

माझी पोस्टिंग चेन्नईत आणि सौ.ची नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात, म्हणून भाड्याचं घर इथे घेतलंय. गाव रामानुजाचार्यांचं जन्मस्थान. राजीव गांधींचं स्मारकही इथेच, १९९१च्या त्या २१ मेची आठवण सांगणारं. गावाला लागून जाणारा हायवे म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. हाच रस्ता पुढे बेंगळुरूवरून कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे करत जातो. म्हणजे घरापासून हजार किलोमीटर लांब असलो तरी मी आपल्याच रस्त्यावर राहतोय. शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसची रांग लागते. रात्रभर कंटेनर चालू असतात.

रविवारी पहाटे याच रस्त्यावरून चेन्नईच्या बुलेटवाल्यांचे ताफे जातात. इथून जवळच वल्लम वडगल आणि ओरगडम इथे रॉयल एनफिल्डचे कारखाने आहेत. तिथून बाहेर पडणाऱ्या नव्या गाडीला कायद्याने एबीएस लागतं आणि दिवसाही हेडलाइट चालू ठेवावा लागतो. ताफ्यातल्या जुन्या गाड्या मात्र नीट बघा. टाकीवर चकाचक रंग, नवं क्रोम, रुंद मागचा टायर, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर. आणि पुढच्या चाकात चाळीस वर्षांपूर्वीचाच ड्रम, त्याच जुन्या केबलवर. सातारा-कोल्हापूरकडे सुट्टीवर गेलो की हेच चित्र दिसतं, फक्त टाकीचा रंग लष्करी हिरवा असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जुनी गाडी घरी उभी करताना पैसा आधी थांबण्यावर, मग दिसण्यावर, म्हणजे रात्री आपण दुसऱ्याला दिसण्यावर, आणि उरला तर शोभेवर घालावा. आपल्याकडे हा क्रम उलटा झालाय. त्याला आपण ‘रिस्टोरेशन’ म्हणतो आणि वर फौजेचं नाव लावतो.

आधी फौजेच्या नावाचं बघू. बुलेट आणि सैन्याचं नातं खरंच जुनं आहे. १९५०च्या दशकात सरहद्दीवरच्या गस्तीसाठी सैन्याने ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. १९५५ साली इंग्लंडमधल्या रेडिचच्या कंपनीने मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया काढली आणि तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. रेडिचचं काम पुढे बंद पडलं, मद्रासचं चालू राहिलं. या इतिहासाचा अभिमान मलाही आहे. पण अभिमान म्हणून खाजगी गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवणं हा गुन्हा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ स्पष्ट सांगतो की संरक्षण खात्याची सोडून कुठल्याही गाडीला हा रंग देता येत नाही. अंगावरची वर्दी निवृत्तीच्या दिवशी सन्मानाने उतरवली ना? मग टाकीला ती का चढवायची? आणि पुतण्याने ‘आर्मी’चं स्टिकर लावून सिग्नल तोडला, तर बदनामी कुणाची होते?

कंपनीची जुनी इंग्रजी जाहिरात म्हणायची की ही गाडी बंदुकीसारखी बनवलेली आहे. उत्तम! मग तिला बंदुकीसारखंच वागवा. आपण रायफलला क्रोम चढवतो का? आवाज वाढावा म्हणून नळी कापतो का? आपण ती उघडतो, पुसतो, तेल देतो, तपासतो. गोळी हवी तेव्हा सुटली पाहिजे आणि नको तेव्हा सुटता कामा नये, एवढंच बघतो. एमटीमध्ये फर्स्ट परेडला ड्रायव्हर बोनेटला पॉलिश मारत बसत नाही. तेल, पाणी, हवा, ब्रेक, लाइट बघतो आणि मग गाडी बाहेर काढतो. तीस वर्षं हे केलेला माणूस पेन्शनवर गेल्यावर पहिला खर्च सायलेन्सरवर करतो, याचं मला नवल वाटतं.

माझ्याकडची गाडी चुलत्यांची, १९७९ची ३५०. हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी ती सेकंडहँड घेतलेली. टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून रेल्वेने इथे आणली. सोबत आरटीओचं ना-हरकत पत्र. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नोंदणी तिथली करावी लागते, हे बदलीवरच्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. पहिल्या आठवड्यात इथला एक म्हातारा मेकॅनिक गाडीभोवती फिरला. रंगाबद्दल चकार शब्द नाही. पुढचं चाक हाताने फिरवलं, ब्रेकची लिव्हर दाबली आणि म्हणाला, “मुदल्ल ब्रेक, सार.” मुदल्ल म्हणजे आधी. एवढं तमिळ सगळ्यांनी शिकावं.

त्या क्रमाने व्हरांड्यात काम केलं. आधी चाकं. टायरच्या बाजूवर चार आकडी छाप असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी वर्षानुवर्षं उभी असली की नक्षी शाबूत दिसते, पण रबर दगड झालेलं असतं. मग ड्रम. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ फुंकायची किंवा हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ड्रम अंडाकृती झाला असेल तर लेथवर नेऊन गोल करून घ्यायचा, केबल नवी, शू नवे. मी पुढे त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा ७ इंची, दोन लीडिंग शूचा ड्रम बसवला. हे माझं पहिलं ‘अपग्रेड’.

दुसरं विजेचं. गाडी सहा व्होल्टची होती. हायवेवर तो दिवा म्हणजे मेणबत्ती. बारा व्होल्टवर जायचं तर अल्टरनेटर, रेग्युलेटर, कॉइल, हॉर्न आणि बल्ब सगळंच बदलावं लागतं. नुसता मोठा बल्ब लावून भागत नाही. अल्टरनेटर किती वीज देतो ते मोजल्याशिवाय बल्ब निवडला तर बॅटरी रिकामी होते आणि रात्री मध्येच अंधार. वायरिंग पूर्ण नवं केलं, फ्यूज टाकला, ब्रेकलाइट दोन्ही ब्रेकवर पेटेल असा जोडला.

इंजिन तिसऱ्या नंबरवर. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. यात घरी करण्यासारखं बरंच आहे: पॉइंटचं अंतर, कार्बोरेटर साफ करणं, आणि इंजिन थंड असताना टॅपेट असे लावणं की पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. बोअर करणं, क्रँक आणि रिमचं आउट काढणं ही मात्र लेथवाल्याची कामं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा इथे चेन्नईत जाणकार हात आहेत, त्यांना द्यावीत. स्पेअर पार्टला जनरल पॅटर्स रोड, जुन्या भागांना पुदुपेट. पण ब्रेकचा कुठलाही भाग भंगारातून घ्यायचा नाही, कितीही स्वस्त मिळो.

आता हरकती ऐकू.

पहिली: “जुनं ते सोनं, मूळ रूपाला हात लावू नका.” या लोकांचा मला आदर आहे. पण मग पूर्ण हिशेब करा. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. कायद्यालाही कळतं की प्रदर्शनाची वस्तू वेगळी आणि कामावर जायचं वाहन वेगळं. संग्रहालय करायचं तर खुशाल करा. पण मुलीला मागे बसवून शिरवळपर्यंत जायचं असेल, तर सहा व्होल्टचा दिवा मूळचा आहे हे कौतुक ट्रकवाल्याला दिसत नाही.

दुसरी: “हौसेला मोल नाही, इंजिनच मोठं करतो.” करू नका. वेग ६० वरून ८५ वर गेला की थांबवायची ऊर्जा दुप्पट होते, ड्रम मात्र तोच राहतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत फेरफार चालणार नाही. अपघातानंतर विमा कंपनीच्या हातात आपणच कोलीत का द्यायचं? म्हणूनच मी म्हणतो, बदल त्याच कंपनीच्या भागांनी करा आणि मोठा बदल असेल तर आधी आरटीओला विचारा.

तिसरी: “आवाज हाच बुलेटचा आत्मा.” गावात दवाखाना असतो, शाळा असते, रात्रपाळी करून झोपलेली माणसं असतात. महाराष्ट्रात पोलिसांनी असले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडलेत. ते बघून मला वाईट वाटलं नाही. मूळ सायलेन्सरचा आवाज पुरेसा गोड आहे.

एक गोष्ट मी जशीच्या तशी ठेवली, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. पण त्यातला धोका सगळ्यांना ठाऊक हवा. आजची मुलं डाव्या पायाने गिअर टाकायला शिकलेली. समोर म्हैस आली की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबतो. जुन्या बुलेटवर तिथे ब्रेक नाही, गिअर आहे, आणि खाली दाबलं की वरचा गिअर पडतो. थांबायच्या क्षणी गाडी पुढे रेटते. म्हणून चावी पुतण्याला द्यायची नाही. आधी रिकाम्या मैदानावर त्याच्याकडून पंचवीस वेळा ब्रेक मारून घ्यायचा, मग बघू. घरात ‘आबांची बुलेट’ म्हणून लाडाने फिरणारी गाडी कितीतरी घरांनी हा विचार न करता पोरांच्या हाती दिलीय.

हे सगळं इतक्या तिखटपणे का लिहितोय? नोकरीत मी दोन सिग्नल असे वाचलेत, ज्यात सुट्टीवर गेलेला जवान गावाजवळच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून गेला होता. दोघेही उंचावरच्या पोस्टवरून धडधाकट खाली उतरलेले. सरहद्दीवर ज्याला सांभाळलं, तो घरापासून चार किलोमीटरवर जातो. आईला काय सांगायचं याचं कुठलंच ट्रेनिंग आपल्याला नाही. त्या दोन गाड्यांचे ब्रेक कसे होते ते मला माहीत नाही आणि त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. पण आपल्या हातातली गाडी कशी आहे हे आपल्याला माहीत असतं. निदान असायला हवं.

तेव्हा बांधवांनो, रंगवाल्याला पुढचा रुपया द्यायच्या आधी एवढं करा. सकाळी रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० ला दोन्ही ब्रेक मारा आणि थांबेपर्यंतची पावलं मोजा. रात्री शेजाऱ्याला शंभर पावलांवर उभं करून विचारा, मागचा दिवा दिसतो का, ब्रेक दाबला की उजळतो का. टायरवरचे चार आकडे वाचा. यातलं एक जरी नापास झालं, तर रंगाचा डबा परत करा. आणि टाकी हिरवी असेल, तर ती आधी दुसऱ्या कुठल्याही रंगात रंगवून घ्या. हा एकच रंगकामाचा खर्च मला मान्य आहे.