गोलातली जागा

शनिवारी पहाटे साडेपाचला उठायचं, थर्मासमध्ये चहा भरायचा, घडीच्या खुर्च्या गाडीत टाकायच्या, दीड तास लांबच्या कुठल्यातरी गोल्फ कोर्सवर जायचं आणि तिथे चिखलात उभं राहून आपल्या पोरीला तीन ठिकाणी मिळून वीसेक सेकंद बघायचं. याला अमेरिकेत हायस्कूल क्रॉस कंट्री म्हणतात. गेली तीन वर्षं ऑगस्ट ते ऑक्टोबर मी हेच करतेय. परवा पुण्याहून आत्याचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, "अगं, पण मेडल कधी मिळणार तिला?" आत्या, मेडल बहुतेक नाहीच मिळणार. पण मी तरीही का जाते ते आज सांगते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुलं गवतातून, झाडीतून, चढउतारावरून ५ किलोमीटर पळतात. एका शाळेच्या मुख्य टीममध्ये ७ जणी असतात. त्यातल्या पहिल्या ५ जणींच्या नंबरांची बेरीज करतात आणि ज्यांची बेरीज कमी ते जिंकतात. पहिले पाचही नंबर तुमचेच आले तर बेरीज १५, त्याहून कमी होऊच शकत नाही. आता गंमत बघा. एका शाळेच्या मुलींनी पहिला, दुसरा आणि तिसरा नंबर मारला, पण त्यांच्या चौथी-पाचवीचे नंबर ३० आणि ४० आले. बेरीज ७६. दुसऱ्या शाळेच्या मुली ९, १२, १४, १७ आणि २० नंबरावर आल्या. बेरीज ७२. दुसरी शाळा जिंकली! पहिल्या तिघी मेडल गळ्यात घालून हरल्या.

सहावी आणि सातवीचे गुण धरत नाहीत, पण त्या दुसऱ्या टीमच्या पाचवीच्या पुढे गेल्या तर तिचा नंबर मागे ढकलला जातो. आणि बेरीज सारखी झाली तर कोणाची सहावी आधी आली ते बघतात. आमची लेक कधी पाचवी असते, कधी सहावी. त्यामुळे हे नियम मला आता पाढ्यांसारखे पाठ आहेत :)

तर मूळ मुद्दा. शर्यतीच्या आधी, पाय मोकळे करून झाले की मुली गोल करून खांद्यावर हात टाकून उभ्या राहतात आणि त्यातली एक जण प्रार्थना म्हणते. येशूच्या नावाने. आमचं गाव मिडवेस्टातलं, लहानसं, घरटी एक चर्च म्हणा ना. यात कोणाचा वाईट हेतू नाही. कोणी पडू नये, सगळ्यांचे गुडघे शाबूत राहोत, एवढंच त्या मागतात.

पहिल्या वर्षी लेकीने गाडीत मला विचारलं, "आई, मी त्या गोलात उभी राहू का?" आणि मी पटकन म्हणाले, "नको. बाजूला उभी राहा." मला तेव्हा ते फार तत्त्वाचं वगैरे वाटलं होतं. सरकारी शाळा आहे, तिथे हे कशाला? खरं सांगायचं तर तत्त्वापेक्षा भीती जास्त होती. घरात गणपती बसवायचा, आरती म्हणायची, आणि शनिवारी हिने तिथे मान खाली घालून आमेन म्हणायचं. हळूहळू आपलं सगळं पुसलं जाईल, असं काहीतरी मनात होतं.

ती ऐकणारी मुलगी, बाजूला उभी राहिली. तीन शनिवार मी लांबून बघितलं. सहा मुलींचा गोल, आणि आठ-दहा पावलांवर आमची एकटी, बुटाची लेस पुन्हा पुन्हा बांधत. मला वाटलं होतं मी तिला जपतेय. प्रत्यक्षात शर्यत सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी, जेव्हा पोटात गोळा आलेला असतो, तेव्हा मी तिला टीमबाहेर काढून ठेवलं होतं.

चौथ्या शनिवारी जी मुलगी प्रार्थना म्हणायची तीच उठून लेकीकडे आली. काय बोलली ते मला लांबून ऐकू आलं नाही, लेकीने नंतर सांगितलं. "तुला आमचे शब्द नको असतील तर आपण शब्द काढून टाकू. पण तू इथे नसलीस तर गोल पूर्ण होत नाही." तेव्हापासून त्या अर्धा मिनिट गप्प उभ्या राहतात. जिला जे म्हणायचं ते तिने मनात म्हणायचं. आमची कन्या काय म्हणते म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "कधी गणपती स्तोत्राच्या पहिल्या ओळी, आणि कधी नुसतं 'चिखल नको, चिखल नको'."

सोळा वर्षांच्या मुलीला जे सुचलं ते मला चाळिशी उलटून सुचलं नव्हतं. मी दोनच पर्याय बघत होते, त्यांचं मान्य करा नाहीतर बाजूला व्हा.

पण म्हणून सगळं मुलांवर सोडून मोकळं व्हावं असंही मला वाटत नाही. आमचे कोच या वेळी पंधरा-वीस पावलं लांब जाऊन घड्याळांशी खेळत बसतात. ते स्वतः नियमित चर्चला जाणारे आहेत, तरी त्या गोलाच्या जवळ फिरकत नाहीत, आणि मला त्यांचं हे लांब राहणं फार मोलाचं वाटतं. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन गावचे एक हायस्कूल फुटबॉल कोच मॅचनंतर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करायचे. शाळेने हरकत घेतली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जून २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल कोचच्या बाजूने लागला. कोणालाही आपली श्रद्धा दारात काढून ठेवायला लावू नये हे मला पटतं. पण त्याच प्रकरणात एका खेळाडूच्या वडिलांची तक्रार नोंदलेली आहे. मुलगा देव न मानणारा, तरी प्रार्थनेत सामील व्हायचा, कारण नाही झालो तर खेळायला कमी मिळेल अशी त्याला भीती होती. माझा आक्षेप नेमका इथे आहे. सातात कोण येणार हे ज्याच्या हातात असतं, त्याची प्रार्थना मुलांच्या डोळ्यांसमोर झाली की ती त्याची एकट्याची उरत नाही. मैत्रीण बोलावते तेव्हा 'नाही' म्हणता येतं. कोचला 'नाही' म्हणणं सोळाव्या वर्षी फार अवघड असतं.

आणि नियमाची आंधळी अंमलबजावणी किती दुखवू शकते तेही याच खेळात दिसलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ओहायोत हिजाब घालून पळणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलीला शर्यत पूर्ण केल्यावर बाद ठरवलं. कारण काय, तर आधी लेखी परवानगी घेतली नव्हती. त्या हंगामातल्या आधीच्या शर्यतींत तिला कोणी हटकलं नव्हतं. पुढे २०२२ मध्ये ओहायोत कायदा झाला आणि धार्मिक पोशाखासाठी आधी परवानगी मागण्याची गरज उरली नाही. पण निकालाच्या यादीत आपलं नाव शोधणारी ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या दिवशी तिच्याबरोबरच्या मुलींना काय वाटलं असेल?

आता या ऑक्टोबरची गोष्ट. लीगची शेवटची शर्यत. दुसऱ्या मैलाला ती प्रार्थनावाली मुलगी पोटात कळ येऊन मंदावली. लेक मागून आली, तिच्याशेजारी पळायला लागली. ती म्हणाली, "जा." लेक गेली आणि पाचवी आली. मैत्रीण कशीबशी, अर्धं चालत, सहावी. बेरीज झाली तर दुसऱ्या शाळेशी बरोबरी! मग सहावीचा नंबर बघितला. त्यांची सहावी आधी आली होती. आम्ही हरलो.

ती मुलगी तंबूमागे बसून रडत होती. "मी इतकी प्रार्थना केली होती," असं म्हणत होती. मला वाटलं आता कोणीतरी मोठ्याने येऊन देवाची इच्छा वगैरे समजावावं. तेवढ्यात बाकीच्या सहाही जणी तिच्याभोवती चिखलात येऊन बसल्या. कोणी काही समजावलं नाही. लेकीने तिचे स्पाइक्स काढून दिले, एकीने केळं सोलून हातात दिलं. अर्ध्या तासाने सगळ्या कशावर तरी खिदळत होत्या.

माझे आजोबा वारीला जायचे. वेळापूरच्या आधी उतारावर वारकरी पळत सुटतात त्याला धावा म्हणतात, तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी त्यामागची कथा. आजोबा सांगायचे की त्या धाव्यात कोणी पहिला येत नाही. खाली पोचल्यावर मागे वळून बघायचं, आपल्या दिंडीतलं कोण राहिलं ते. लहानपणी मला हे उगाच गोड बोलणं वाटायचं. त्या तंबूमागे मला ते आठवलं.

माझी लेक त्या गोलात उभी राहून कमी मराठी झाली नाही आणि ती मैत्रीण शब्द गाळून कमी ख्रिश्चन झाली नाही, हे मी आता खात्रीने सांगू शकते. श्रद्धा ज्याची त्याने मनात ठेवावी, मोठ्यांनी पंधरा पावलं लांब राहावं, आणि गोलात जागा मात्र सगळ्यांना असावी. मी तेव्हा लेकीला 'नको' म्हणाले ते चुकलंच.

असो. आत्या, कळलं ना आता? मेडलचं पुढच्या वर्षी बघू.