प्रतिकृतीचे खरेपण

जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृती जमवणाऱ्याच्या घरी पाहुणा आला, की भिंतीवरील तलवारीकडे पाहून तो हमखास एकच प्रश्न विचारतो – ‘ही खरी आहे का?’ प्रश्न साधा असला तरी उत्तर देणारा बहुधा अडखळतो. ‘नाही’ म्हणावे, तर हातात घेता येणारी, पोलादाची, धार लावता येण्याजोगी वस्तू खोटी कशी? ‘होय’ म्हणावे, तर ती सातशे वर्षांपूर्वीची नव्हे. गेल्या दहा-वीस वर्षांत एखाद्या कारखान्यात घडलेली. या अडखळण्यामुळेच प्रतिकृतींचा संग्रह ही एक पोरकट हौस आहे, असा समज रूढ झाला आहे. तो समज तपासून पाहण्याजोगा आहे.

उदाहरणादाखल युरोपातील तेराव्या-चौदाव्या शतकांतील युद्धतलवार घेता येईल. हिचे पाते सरळ, रुंद व दुधारी असते. पात्याच्या मध्यातून लांबवर पन्हळ गेलेली असते. ही पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. परंतु तिचे काम पात्याचा ताठपणा न घालवता वजन कमी करणे एवढेच होय. मूठ इतकी लांब असते, की घोड्यावर बसून एका हाताने वार करणाऱ्याला गरज पडल्यास दुसरा हातही लावता यावा. इंग्लंडमधील अभ्यासक ईवर्ट ओकशॉट (१९१६–२००२) यांनी मध्ययुगीन तलवारींचे वर्गीकरण केले. त्यात या तलवारीला तेराव्या वर्गात उपप्रकार म्हणून स्थान मिळाले आणि पुढे प्रतिकृती घडवणारे व विकत घेणारे तीच परिभाषा वापरू लागले.

एक मीटरहून लांब असलेल्या या तलवारीचे वजन किती असावे? चित्रपट पाहून आलेला मनुष्य आठ-दहा किलो सांगेल. वीरपुरुष जितका थोर तितकी त्याची तलवार जड, ही कल्पना आपल्या देशातही घट्ट रुजलेली आहे. प्रत्यक्षात अशा अस्सल तलवारी साधारणतः सव्वा ते पावणेदोन किलो भरतात. हे वाचून पटत नाही, हातात घेतल्यावर पटते. संग्रहालयातील अस्सल तलवार काचेआड असते आणि ती तशीच असायला हवी. तिचे पाते मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू कसे पातळ होत जाते, मुठीच्या टोकाचा लोखंडी गोळा पात्याचे वजन कसे तोलून धरतो, हे काचेतून कळत नाही. ज्याने ऊसतोडणीचा कोयता किंवा लाकूड फोडायची कुऱ्हाड वर्षानुवर्षे वापरली आहे, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. हत्यार हाताला ‘बसणे’ म्हणजे काय, हे त्याचा हातच जाणतो. अस्सल तलवारीची मापे घेऊन, त्याच तोलाची, पोलादाला नीट पाणी देऊन घडवलेली प्रतिकृती हे ज्ञान सामान्य माणसाच्या घरापर्यंत आणते. ज्याला ग्रंथालय दूर आहे आणि लंडनचे संग्रहालय त्याहून दूर, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

मात्र बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा तलवारी या कसोटीला उतरत नाहीत. चकचकीत न गंजणाऱ्या पोलादाचे, मुळापासून टोकापर्यंत सारख्याच जाडीचे पाते आणि मुठीत एक बारीकशी सळई, अशी त्यांची रचना असते. जोराने फिरवली तर अशी तलवार मुठीपाशी तुटून पाते दूर उडण्याचा धोका असतो. अपघाताची भीती तर आहेच. परंतु अशी वस्तू इतिहासाविषयी खोटी साक्ष देते, हा तिचा आणखी एक दोष म्हणावा लागेल. ती हातात घेणारा मनुष्य ‘जुने लोक किती बलवान होते!’ असे म्हणत परततो. जुने लोहार किती कुशल होते, हे त्याला कळतच नाही.

नक्कल ही आधुनिक काळाची विकृती आहे, असेही कोणी समजू नये. नवव्या ते अकराव्या शतकांतील युरोपीय पात्यांवर ‘उल्फबर्ट’ हे नाव कोरलेले आढळते. त्यांपैकी काही पाती उत्कृष्ट पोलादाची आहेत; तर नावातली अक्षरे व चिन्हे चुकवलेली काही पाती हलक्या प्रतीची निघाली. म्हणजे नामांकित माल आणि त्याची नक्कल तेव्हाही शेजारी शेजारी विकली जात होती! सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपीय पाती समुद्रमार्गे भारतात आली, त्यांना येथील मुठी बसवल्या गेल्या आणि मराठीत त्या तलवारींना ‘फिरंग’ हे नाव पडले. त्यांच्यावरील कारागिरांच्या खुणा येथील पात्यांवरही उमटवल्या गेल्या. नागपूरच्या रघुजी भोसले यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनमधील लिलावातून मिळवली, तिचे पातेही युरोपातच घडलेले आहे. आता हा प्रवास उलट दिशेनेही होतो. देहरादून येथे १९४३ साली गुरखा सैनिकांच्या खुकऱ्या बनवण्यासाठी सुरू झालेला एक कारखाना युरोप-अमेरिकेतील हौशी लोकांसाठी मध्ययुगीन युरोपीय तलवारी घडवू लागला.

या हौसेवर एक आक्षेप असा घेतला जातो, की ज्या वस्तूने माणसे मारली, ती दिवाणखान्यात का मिरवावी? हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. स्वीडनमधील गॉटलंड बेटावर विस्बी शहराबाहेर १३६१ साली डेन्मार्कच्या राजाच्या सैन्याने तेथील शेतकऱ्यांची फौज कापून काढली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील सामुदायिक दफनखड्डे उकरले गेले, तेव्हा शेकडो माणसांची हाडे मिळाली. त्यांत कोवळी मुले होती, वृद्धही होते. पुष्कळांच्या गुडघ्याखालच्या हाडांवर तलवारीच्या व कुऱ्हाडीच्या वारांच्या खुणा होत्या. तलवारीच्या तोलाचे आणि डौलाचे कौतुक करणाऱ्याने ही हाडेही पाहिलेली असावीत. निदान त्यांची छायाचित्रे तरी. तो तोल कोणत्या कामासाठी साधलेला होता, हे ठाऊक नसलेला संग्राहक आपल्या वस्तूला अर्धाच ओळखतो. तलवार घरातून काढून टाकल्याने मात्र ती हाडे कोणाच्या स्मरणात राहणार नाहीत.

कायद्याची बाब थोडक्यात सांगता येईल. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार तलवारी, कट्यारी, भाले यांचा त्यांत समावेश होतो. काल घडवलेली तलवारही धार असेल तर तलवारच ठरते. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या जिल्ह्यातील नियमांची चौकशी करणे शहाणपणाचे. ती घेऊन मिरवणुकीत नाचणे हा संग्रह नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

संग्राहकाची खरी परीक्षा त्याच्या पश्चात होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिक येथे अर्न्स्ट श्मिट नावाच्या कारागिराने मध्ययुगीन शस्त्रांच्या उत्तम प्रतिकृती बनवल्या. पुढे त्यांच्यावर गंज चढला, मालक बदलले आणि त्यांतील काही अस्सल म्हणून संग्रहांत जाऊन बसल्या. जाणकारांना त्या निवडून काढण्याचे काम करावे लागले. आपल्याकडेही आजोबांनी हौसेने घेतलेली तलवार नातवाच्या तोंडी ‘आमच्या खापरपणजोबांनी लढाईत वापरलेली’ व्हायला दोन पिढ्या पुरतात. नातू खोटे बोलत असतो असे नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या भागावर कारखान्याचे नाव व साल ठोकून घेणे, ती कोणत्या संग्रहालयातील कोणत्या तलवारीवरून केली हे लिहिलेला कागद पावतीसह जपून ठेवणे, एवढे प्रत्येक मालकाला करता येते. मग पाहुण्याने तो प्रश्न विचारल्यावर अडखळावे लागत नाही. कागद काढून त्याच्यासमोर ठेवता येतो आणि तलवार त्याच्या हातात देता येते.